कात्री, डिंक आणि स्टाइलशीट



मेसची वेळ व्हायच्या आत पान उलटणाऱ्यांसाठी लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकते. सॅस नावाच्या प्रीप्रोसेसरमध्ये स्ट्रिंग कापायची, जोडायची, मोजायची जी फंक्शन्स आहेत ती कामाची आहेत, यात वादच नाही. पण आपण त्यांना नेमकं चुकीच्या कामाला जुंपतो. आणि त्याची किंमत आपण मोजत नाही. आपल्या मागून येणारी बॅच मोजते. बस्स, एवढंच. आता ज्यांच्याकडे अजून पंधरा-वीस मिनिटं आहेत त्यांनी पुढे वाचावं.

एक सूचना. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'पूर्वप्रक्रियक' वगैरे शब्द माझ्याकडून होणार नाहीत. प्रीप्रोसेसरला मी प्रीप्रोसेसरच म्हणणार. मराठी मंडळाने तेवढं चालवून घ्यावं!

सॅस म्हणजे काय रे भाऊ?

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या दोस्तांसाठी थोडक्यात. वेबपेज दिसतं कसं, म्हणजे रंग कुठला, अक्षर केवढं, बटण कुठे, हे ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस. तिचं पहिलं अधिकृत रूप १९९६ च्या डिसेंबरमध्ये आलं. भाषा साधी आणि सोशिक, पण बरीच वर्षं तिच्यात साधा व्हेरिएबलसुद्धा नव्हता. एकच निळा रंग पन्नास ठिकाणी लिहायचा, आणि प्रिन्सिपल सरांनी 'जरा गडद करा' म्हटलं की पन्नास ठिकाणी बदलायचा.

या वैतागातून २००६ मध्ये सॅस आलं. कल्पना हॅम्प्टन कॅटलिन यांची, आणि भाषा पुढे नेली नॅटली वायझेनबॉम यांनी. पाठोपाठ २००९ मध्ये अलेक्सिस सेलिए यांचं लेस आलं. २०१० मध्ये सॅसने एससीएसएस ही नवी लिपी घेतली, म्हणजे महिरपी कंस आणि अर्धविरामवाली, सीएसएससारखीच दिसणारी, आणि मग लोकांची भीड चेपली. आपण सगळे ज्याच्या जिवावर सबमिशनच्या आदल्या रात्री साइट उभी करतो ते बूटस्ट्रॅपसुद्धा आधी लेसमध्ये होतं. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते सॅसमध्ये आलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी लॅबमध्ये कुणी ठासून सांगत नाही. सॅस ब्राउझरमध्ये चालत नाही. मेसचे काका पहाटे भाजी चिरून ठेवतात आणि आपण आठ वाजता डोळे चोळत ताट घेऊन जातो, तसं हे आहे. सॅस म्हणजे पहाटेची चिराचिरी. ब्राउझर म्हणजे आपण. आपल्या ताटात येतं ते साधं सीएसएस. काकांना पहाटे माहीत नसतं की आज कोण जेवायला येणार आहे, आणि सॅसलाही माहीत नसतं की पेजवर कुणाचं नाव येणार आहे. त्यामुळे सॅसमधलं स्ट्रिंग फंक्शन फक्त त्याच अक्षरांवर चालतं जी तुम्ही स्वतः स्टाइलशीटमध्ये लिहिली आहेत. लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याचं नाव सॅसने कापता येईल का, हा प्रश्न फर्स्ट इयरमध्ये दर वर्षी विचारला जातो. उत्तर: नाही, नाही आणि नाही.

हत्यारांची पेटी

स्ट्रिंगसाठी सॅसकडे मोजकी हत्यारं आहेत. 'लेन्थ' लांबी मोजतं. 'इंडेक्स' एक स्ट्रिंग दुसरीत कुठे सापडते ते सांगतं. 'स्लाइस' तुकडा कापतं. 'इन्सर्ट' मध्ये काहीतरी घुसवतं. 'स्प्लिट' तुकड्यांची यादी करून देतं. 'क्वोट' अवतरणचिन्हं लावतं, 'अनक्वोट' काढतं. दोन फंक्शन्स कॅपिटल-स्मॉल करतात. एक 'युनिक-आयडी' आहे, ते कुणाशीही न जुळणारं नाव बनवून देतं. शिवाय इंटरपोलेशन आहे, म्हणजे हॅश आणि महिरपी कंसात व्हेरिएबल घालून कुठल्याही नावात चिकटवायचं. तो आपला डिंक. स्लाइस ही आपली कात्री.

पूर्वी ही फंक्शन्स 'स्ट्र-लेन्थ', 'स्ट्र-इंडेक्स' अशा नावांनी थेट वापरायचे. २०१९ पासून सॅसमध्ये मॉड्यूल आले, तेव्हापासून आधी 'युज' लिहून स्ट्रिंग मॉड्यूल आणायचं आणि मग 'स्ट्रिंग' टिंब 'लेन्थ' असं म्हणायचं ही पद्धत आली. २०२४ मध्ये जुन्या थेट नावांवर 'वापरू नका'चा शिक्का बसला. तेव्हा सीनियरच्या पेनड्राइव्हमधल्या जुन्या ट्युटोरियलवरून कॉपी मारताना टर्मिनलवर इशाऱ्यांची वरात निघाली तर घाबरू नका, कोड चालतोय. फक्त तो म्हातारा झालाय.

या पेटीत तीन ठिकाणी बोट कापतं. आपण सी शिकून येतो, तिथे मोजणी शून्यापासून. सॅसमध्ये मोजणी एकापासून! दुसरं, स्लाइसला दिलेला शेवटचा आकडाही तुकड्यात धरला जातो. जावास्क्रिप्टमध्ये तो धरत नाहीत. आणि तिसरं, इंडेक्सला काही सापडलं नाही तर तो उणे एक देत नाही, 'नल' देतो. सॅसमध्ये खोटं मानलं जातं ते फक्त 'फॉल्स' आणि 'नल'. शून्यसुद्धा खरं, रिकामी स्ट्रिंगसुद्धा खरी. म्हणजे सी आणि जावास्क्रिप्टची सवय घेऊन इथे आलात की काहीही न तुटता चुकीचं उत्तर मिळतं. तुटलेला कोड परवडतो, कारण तो निदान ओरडतो.

आकड्याचं सोंग

आता तक्रारींना सुरुवात करते. पहिली तक्रार लहान आहे, पण प्रत्येक मिनी प्रोजेक्टमध्ये हमखास दिसते.

कुणाला तरी दहा पिक्सेल हवे असतात. हातात दहा हा आकडा असतो. मग तो गडी अधिक चिन्ह टाकून दहाला 'पीएक्स' ही दोन अक्षरं चिकटवतो. कंपाइल केलं की फाइलमध्ये छान 'दहा पीएक्स' छापून येतं. दिसायला शंभर टक्के बरोबर. पण सॅसच्या लेखी ते आता माप राहिलेलंच नाही, ती एक स्ट्रिंग झाली. फॅन्सी ड्रेसमध्ये टोपी घालून आलेला पोलीस जसा खरा पोलीस नसतो तसं. पुढे कुणीतरी त्याची दुप्पट करायला जातं आणि सॅस म्हणतं, अशी क्रियाच नाही. चूक एका फाइलमध्ये, बोंब दुसऱ्या फाइलमध्ये, आणि मधे तीन महिने.

उपाय इतका सोपा आहे की हसू येईल: चिकटवू नका, गुणा. दहा गुणिले एक पिक्सेल. फिजिक्सच्या सरांनी अकरावीत 'युनिट लिही, युनिट लिही' म्हणून जीव खाल्ला तो याचसाठी. युनिट ही आकड्याच्या शेपटीला बांधलेली अक्षरं नव्हेत, तो त्या राशीचाच भाग आहे. सॅसला हे कळतं. त्याच्याशी अक्षरांच्या भाषेत बोलून आपणच त्याला विसरायला लावतो.

उलट्या बाजूचंही एक सोंग आहे. 'रेड' असं अवतरणचिन्हाशिवाय लिहिलं की सॅस त्याला शब्द मानत नाही, रंग मानतं. रंगांच्या यादीवर लूप फिरवून कुणी त्यातून क्लासची नावं बनवायला घेतलं की सॅस इशारा देतं: हा रंग आहे, नावात घालू नका, कुठल्या रूपात छापला जाईल याचा भरवसा नाही. दोन अवतरणचिन्हं टाकली की प्रश्न मिटतो. पण इशारे वाचतो कोण? टर्मिनलवर पिवळं काही आलं की आपण स्क्रीन क्लिअर करतो.

नाव सापडत नाही!

आता मुख्य मुद्द्याला येते. इथे माझं आणि आमच्या वेब टीममधल्या बऱ्याच जणांचं पटत नाही, तेव्हा भांडण जाहीरच होऊ दे.

आपल्या फेस्टची साइट दर वर्षी नव्याने का बनते? थीम बदलते म्हणून? थीम बदलायला रंग, फाँट आणि चार चित्रं पुरतात. खरं कारण असं की आधीच्या बॅचचा कोड कुणाला उघडवत नाही. थर्ड इयरची मंडळी फायनल इयरला जातात, प्लेसमेंट सुरू होतात, दादा-ताई फोन उचलत नाहीत (त्यांचीही चूक नाही), आणि सेकंड इयरची चार पोरं-पोरी फाइलकडे बघत बसतात.

त्यांनी काय केलं? जे कुणीही करेल तेच. ब्राउझरमध्ये बटणावर राइट क्लिक केलं, क्लासचं नाव बघितलं, समजा 'कार्ड__शीर्षक'. मग ते नाव सगळ्या फाइलींमध्ये शोधलं. निकाल: शून्य. कारण मूळ फाइलमध्ये 'कार्ड' एकीकडे लिहिलंय, त्याच्या पोटात दोनशे ओळींनंतर अँड-चिन्ह आणि पुढे '__शीर्षक' एवढंच. दोन तुकडे पहाटेच चिकटवले गेले. ताटात आख्खी भाजी, आणि स्वयंपाकघरात तशी भाजीच नाही!

ही तर सोपी केस झाली. याच्या पुढची पायरी म्हणजे यादी, यादीवर लूप, लूपमध्ये स्लाइस करून घेतलेला उपसर्ग, त्याला डिंकाने जोडलेला प्रत्यय, आणि वर स्मॉल लेटरमध्ये केलेलं रूपांतर. वीस ओळींतून सव्वाशे क्लास. लिहिणाऱ्याला वाटतं काय कमाल केली! पण त्या सव्वाशेंपैकी एकही नाव कुठेही लिहिलेलं नाही. आणि जे लिहिलेलं नाही ते शोधता येत नाही, जे शोधता येत नाही ते बदलायची हिंमत होत नाही, आणि जे बदलायची हिंमत होत नाही ते शेवटी टाकून देतात. दर वर्षी आपण टाकून देतोय ती साइट नाही, त्यामागचे कुणाचे तरी दोन-तीन महिने आहेत.

'पण सोर्स मॅप असतो की!' हा पहिला प्रतिवाद. बरोबर आहे. सोर्स मॅप असला की ब्राउझर तुम्हाला मूळ ओळीपर्यंत नेतो. पण तो मॅप बऱ्याचदा सर्व्हरवर चढवलेलाच नसतो. आणि असला तरी तो एकाच दिशेने चालतो, पेजवरून कोडकडे. उलटा प्रश्न असा असतो: ही वीस ओळींची लूप मी काढून टाकली तर कुठलं पान मोडेल? त्याचं उत्तर सोर्स मॅपकडे नाही. त्याला शोधच लागतो, आणि शोधाला पूर्ण नाव लागतं.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार. 'एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हे तर पहिल्या लेक्चरला शिकवतात!' हो, शिकवतात. ते तत्त्व १९९९ मध्ये हंट आणि थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकाने गाजवलं. पण ते तत्त्व ज्ञानाबद्दल आहे, अक्षरांबद्दल नाही. कॉलेजचा निळा रंग कोणता, हे ज्ञान. ते एकाच जागी हवं, शंभर टक्के मान्य. पण 'कार्ड' हा शब्द पाच ठिकाणी येणं ही पुनरावृत्ती नाही. या पानावर 'सॅस' हा शब्द कितीदा आलाय ते मोजा! मी तो पहिल्यांदा लिहून नंतर 'स' आणि 'ॅस' अशी जुळवाजुळव केली असती तर संपादकांनी लेख परत पाठवला असता.

आणि एक साक्षीदार आणते. २०२३ मध्ये नेस्टिंग, म्हणजे नियमाच्या पोटात नियम लिहिणं, थेट सीएसएसमध्येच आलं आणि त्याच वर्षी ते सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालू लागलं. अँड-चिन्हही घेतलं. पण त्याला प्रत्यय चिकटवून नवीन नाव बनवायची सोय घेतली नाही. कारण ब्राउझरच्या लेखी अँड-चिन्ह म्हणजे अक्षरं नव्हेत, ते त्या नियमात बसणारे पेजवरचे घटक आहेत. घटकांना शेपटी चिकटवता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी आपण सॅस सोडून साध्या सीएसएसकडे जाऊ (आणि अनेक लहान साइटना आता तेवढं पुरतं), त्या दिवशी डिंकाने चिकटवलेली सगळी नावं गळून पडतील. पूर्ण लिहिलेली नावं तशीच राहतील.

मग बूटस्ट्रॅप काय करतं?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. बूटस्ट्रॅपसुद्धा नावं जोडतंच. बारा कॉलम, सहा ब्रेकपॉइंट, हे कोण हाताने लिहीत बसणार? मला तिथे तक्रार नाही, आणि कारण सांगते. तिथलं कुटुंब नियमित आहे: एक ते बारा, एकही गाळलेला नाही, एकही वेगळा नाही. आणि दुसरं, ती सगळी नावं कागदपत्रांत छापलेली आहेत. आपल्या फेस्ट साइटची कागदपत्रं कुठे आहेत? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, मागच्या जुलैच्या आसपास.

तेव्हा माझा नियम असा: आकड्यांची माळ असेल तर लूप जरूर लावा, पण वर कॉमेंटमध्ये तयार होणारी नावं लिहून ठेवा. दोन तिरप्या रेघांची कॉमेंट सॅस पुढे पाठवतच नाही, म्हणजे फाइल जड होत नाही. पण शोध घेणाऱ्याला नाव सापडतं. चार ओळींचं काम आहे.

बरं, मग स्ट्रिंग फंक्शन्स वापरायची तरी कुठे? त्याचंही उत्तम उदाहरण बूटस्ट्रॅपमध्येच आहे. तिथे लहान आयकॉन एसव्हीजी चित्रं म्हणून थेट सीएसएसमध्ये, यूआरएलच्या आत लिहिलेले असतात. अडचण अशी की चित्राच्या रंगात हॅश येतो, आणि यूआरएलमध्ये हॅशचा अर्थ 'इथून पुढे पत्ता संपला, आता पानाच्या आतली जागा' असा होतो. म्हणजे चित्र अर्ध्यात तुटतं. म्हणून हॅशच्या जागी टक्का-दोन-तीन लिहावं लागतं, आणि तसंच टोकदार व साध्या कंसांचंही. हे हाताने केलं तर चित्र वाचता येत नाही, आणि एक राहून गेलं तर सापडत नाही.

लेसमध्ये 'रिप्लेस' तयार मिळतं. सॅसमध्ये नाही! मग बूटस्ट्रॅपने ते तीन हत्यारांतून बनवलं. इंडेक्सने शोधायचं. सापडलं तर त्याच्या आधीचा भाग स्लाइसने घ्यायचा, पुढे बदली मजकूर ठेवायचा, आणि उरलेल्या भागावर तेच फंक्शन पुन्हा बोलवायचं. सापडलं नाही तर स्ट्रिंग आहे तशी परत. सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्समधलं रिकर्शन, जे आपण फॅक्टोरियलपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं, ते इथे पोटापाण्याला लागलेलं दिसतं. व्हायवाला विचारा म्हणावं सरांना!

फरक लक्षात आला का? इथे स्ट्रिंग फंक्शन माणसाला वाचता येणारी गोष्ट यंत्राच्या सोयीची करून देतं. मूळ फाइलमध्ये चित्र स्वच्छ, वाचनीय राहतं. क्लासची नावं चिकटवताना आपण नेमकं उलटं करतो: माणसाने शोधायचं नाव यंत्राच्या पोटात लपवतो. एकच कात्री. एका जागी शिंप्याची, दुसऱ्या जागी उंदराची.

जाता जाता 'युनिक-आयडी'बद्दल. ते नाव कंपाइल करताना रँडम ठरतं, म्हणजे तुम्ही काहीही बदललं नाही तरी फाइल दर वेळी वेगळी निघते. कुणी काय बदललं हे बघायला जावं तर सगळंच बदललेलं! फार गरज असेल तरच वापरावं.

आणि मराठीचं काय?

ही गोष्ट मराठी विभागातच लिहायची, कारण दुसरीकडे कुणी छापणार नाही.

पहिली आनंदाची बातमी. सीएसएसमध्ये क्लासचं नाव देवनागरीत चालतं. वर मी 'कार्ड__शीर्षक' लिहिलं ते गंमत म्हणून नाही. ते खरोखर चालणारं नाव आहे. सॅसमध्ये व्हेरिएबलचं नाव '$रंग' ठेवा, चालेल. आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

आता दुसरी बाजू. समजा, होस्टेलच्या नोटीस बोर्डाची साइट मराठीत आहे आणि तीन होस्टेलं आहेत: कृष्णा, गोदावरी, त्रिवेणी. कुणाला तरी वाटतं की प्रत्येक सूचनेआधी होस्टेलचं आद्याक्षर गोल चकतीत यावं. नावं सॅसच्या यादीत आहेतच. लूप लावू, स्लाइसने एकापासून एकापर्यंत कापू, झालं!

काय येईल? गोदावरीचा 'ग'. कृष्णाचा 'क'. त्रिवेणीचा 'त'. मराठीत आद्याक्षरं गो, कृ आणि त्रि. आपल्यापैकी कुणीही कृष्णाचं आद्याक्षर 'क' सांगणार नाही. सॅसने काही बिघडवलं नाही, ते त्याच्या नियमाने वागलं. त्याच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे युनिकोडच्या कोड पॉइंटची माळ, आणि मात्रा, हलन्त, काना हे सगळे वेगवेगळे मणी. लॅबमध्ये करून बघा: 'कृष्णा'ची लांबी विचारा, उत्तर सहा येईल. 'त्रिवेणी'ची आठ. 'स्त्री' या एका अक्षराची सहा! आणि गोदावरीचा शेवटचा मणी मागितलात तर हातात नुसती वेलांटी येईल, जी ब्राउझर बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगून दाखवतो. बिचारी.

'दऱ्या'मधला 'ऱ' तर आणखी छुपा रुस्तम. तो युनिकोडमध्ये एका मण्याने लिहिता येतो किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन मण्यांनी. दिसायला जुळे भाऊ. पण तुलना मण्यांवरून होते, तेव्हा इंडेक्स एकाला शोधताना दुसऱ्याला ओळखत नाही. कॅपिटल करणारं फंक्शन तर फक्त ए ते झेड या सव्वीस साध्या अक्षरांनाच हात लावतं. आपल्याकडे कॅपिटल नाही म्हणून सुटलो!

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? यंत्राला अक्षर कळत नाही हे आता जुनं झालं. तसं नाहीये. युनिकोडच्या अक्षरगटाच्या नियमांत जोडाक्षर एकत्र धरण्याची तरतूद २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आली. त्याआधीच्या नियमाने 'स्त्री'चे तीन तुकडे होत होते: स्, त् आणि री. कोट्यवधी माणसं रोज लिहितात त्या लिपीचं एक अक्षर म्हणजे काय, हे कागदावर यायला २०२३ उजाडावं लागलं. मग आपण लिहिलेल्या वीस ओळींच्या लूपने ते आपोआप ओळखावं अशी अपेक्षा कशी ठेवायची? आपल्यालाच ओळखायला हवं. आपण मराठी वाचतो, लूप वाचत नाही.

इथे उपाय काय? तीन होस्टेलं आहेत, तीनशे नाहीत. यादीत नावासमोर आद्याक्षर हाताने लिहा: कृष्णा, कृ. गोदावरी, गो. त्रिवेणी, त्रि. तीन ओळी. शोधता येतात, वाचता येतात, चुकत नाहीत. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर सीएसएसमध्ये 'फर्स्ट-लेटर' आहे. तो अक्षराचा हिशोब ब्राउझरवर सोपवतो, आणि पेजवरचा खरा मजकूर ब्राउझरलाच माहीत असतो. म्हणजे पुन्हा तेच, पहाटेचं काम पहाटे आणि आठचं काम आठला.

तर मागणं काय?

सल्ले द्यायचं माझं वय नाही, पण मागण्या करायचं आहे!

वेब टीमच्या दोस्तांनो, क्लासचं नाव पूर्ण लिहा. चार अक्षरं जास्त टाइप करायला लागतील, पण मेससमोर रांगेत उभं राहण्यात त्याहून जास्त वेळ जातो. लूप लावलीत तर तयार होणारी नावं कॉमेंटमध्ये लिहा. माप चिकटवू नका, गुणा. मराठी मजकुरावर कात्री चालवू नका. आणि साइट पुढच्या बॅचला देण्याआधी एक परीक्षा घ्या: सेकंड इयरच्या कुणाला तरी बसवा, पेजवरचा कुठलाही एक क्लास दाखवा आणि सांगा, 'हा कुठे लिहिलाय ते शोध.' दोन मिनिटांत सापडला तर पास. नाही सापडला तर, कोड कितीही हुशार असला तरी, एटीकेटी.

सर-मॅडम, तुमच्याकडे एकच मागणं. प्रोजेक्टच्या व्हायवात 'किती ओळी कमी केल्या' असं विचारण्याऐवजी 'हे दुसऱ्याला सापडेल का' असं विचारा. ज्या प्रश्नाला मार्क असतात त्याचाच अभ्यास होतो, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो.

आणि फायनल इयरच्या दादा-तायांनो, फोन उचलू नका, हरकत नाही. फक्त जाताना नावं लिहून जा.